वॅगनचा दिवाळसण

मोटार म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे. ज्याच्या दारात स्वतःच्या पसंतीची मोटार उभी आहे, तो कोणालाही बांधील नाही. तो केव्हाही निघू शकतो, कुठेही जाऊ शकतो, आणि त्याला अडवण्याची ताकद जगातल्या कुठल्याही सत्तेत नाही.

हा विचार मला द्वारका चौकात, भर दुपारी, आमच्या मोटारीला मागून धक्का मारत असताना सुचला. विचार बरा वाटला म्हणून मी तो मोठ्याने बोलून दाखवला. चालकाच्या जागेवर माझी पत्नी मोहिनी होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "अहो, बोलण्यात दम घालवू नका. पुढे चढ आहे."

पुढे खरंच चढ होता. मागे एक रिक्षावाला आमच्या वेगाने येत होता, म्हणजे थांबलेलाच होता. त्याने विचारलं, "काका, विकायचीय का?"

"आत्ता?" मी म्हटलं.

"आत्ता नको. चढ संपल्यावर बोलू."

आमच्या मोटारीला सगळे वॅगन म्हणतात. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीनेही ते मॉडेल बंद करून विषय मिटवला आहे. पुढून ती चारचौघींसारखी मोटार दिसते, फक्त मोटार जिथे संपायला पाहिजे तिथे ती संपत नाही. मागे एवढी जागा, की एकदा देवळ्याहून कांदे आणताना त्यांच्यासोबत एक शेळी बसून आली आणि इंदिरानगरात पोचेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. शेळीच्याही नाही. ती शांतपणे उतरली आणि सोसायटीच्या बागेत गेली.

आमच्या सुखनिवास सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि वॅगन एक. एकोणीस वर्षांत तिने सोसायटीचे गणपती नेले, गाद्या नेल्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या नेल्या, दोन नवरदेव नेले. त्यातला एक परतही आणला. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. भिंत आमची आहे, खिळा सार्वजनिक.

त्यामुळे आम्ही नवी गाडी घेणार ही बातमी फुटल्यावर सोसायटीत जी खळबळ माजली ती साहजिक होती. लोक मला सल्ला देत नव्हते, मागण्या देत होते. सोसायटीचे सचिव ललितराव हे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "मागची सीट पाडल्यावर मजला सपाट होतो का, तेवढं बघा. आमच्या भजनी मंडळाची पेटी तिरकी नेलेली चालत नाही. सूर एका बाजूला जमा होतात."

पहिल्या मजल्यावरच्या मंगलाबाईंचा पापडांचा व्यवसाय आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोणतीही घ्या, पण लाल नको हं. लालवर पीठ दिसतं."

आणि मला नेमकी लाल हवी होती.

इथे जरा गंभीर व्हावं लागेल. मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि माझ्या आयुष्यातली एकही वस्तू मी निवडलेली नाही. शर्ट मोहिनी आणते. फ्लॅट सासऱ्यांनी पाहिला. वॅगन मेव्हण्याने ठरवली. वर्तमानपत्रात पस्तीस वर्षं लोकांना चिमटे काढायचं सदर लिहिलं, त्याचं नाव संपादकांनी ठेवलं आणि ते बंद कधी करायचं हेही त्यांनीच ठरवलं. म्हणून या खेपेला, बहुधा शेवटच्याच, माझी एवढीच इच्छा होती: गाडी लाल हवी, ठेंगणी हवी आणि तिच्यात बसलं की उगाच हसू यायला हवं.

"हसू यायला गाडी कशाला?" मोहिनी म्हणाली. "आरसा आहे की घरात."

पुण्याला आमची मुलगी स्नेहल असते. ती संगणकात असल्यामुळे आमच्या घरातलं कुठलंही भांडण रकान्यांत मांडून देते. तिने एक तक्ता पाठवला. त्यात एक रकाना 'उपयोग' आणि दुसरा 'मौज'. उपयोगाला नव्वद गुण, मौजेला दहा. मी फोन करून निषेध नोंदवला. ती म्हणाली, "बाबा, आई पाच म्हणत होती. मी तुमच्यासाठी भांडले."

गाड्या बघायला आम्ही वॅगननेच गेलो. मोहिनीने बरोबर एक मोठी परात, पाच लिटरचा कुकर, दोन पाट, कांद्याची भरलेली गोणी आणि तिची आई एवढं सामान घेतलं. सासूबाई, म्हणजे धोंडाबाई, मूळच्या देवळ्याच्या, अजूनही 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या. वय ब्याऐंशी. गुडघे गेलेत, बाकी सगळं जागच्या जागी आहे, विशेषतः मतं.

शोरूमच्या दारात तेजस्विनी नावाची एक हसतमुख मुलगी आली. तिने गोणी पाहिली, परात पाहिली, सासूबाईंना पाहिलं. "सर, हे सगळं टेस्ट ड्राइव्हला?"

"ड्राइव्ह हे करतील," मोहिनी म्हणाली. "टेस्ट मी घेणार आहे."

कोपऱ्यात ती उभी होती. लाल. ठेंगणी. छताला काच, बटण दाबलं की सरकणारी. मी आत बसलो, चाकावर हात ठेवले आणि मला हसू आलं. अगदी उगाच. काही कारण नव्हतं.

"कुठे दुखतंय का?" मोहिनीने विचारलं.

यावर सासूबाईंचं मत अनुकूल करून घ्यावं म्हणून मी मोठ्या आदराने त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं. हीच चूक झाली. त्या बसल्या म्हणजे खालीच गेल्या. आतून आवाज आला, "जावाईबापू, ही गाडी शे का घमेलं?"

उतरायची वेळ आली तेव्हा कळलं की त्या उतरू शकत नाहीत. गुडघे वाकवून बाजूला वळायचं आणि उठायचं, या दोन क्रिया त्यांच्याकडून एकत्र होत नाहीत. शोरूममधले तीन तरुण आले. त्यांच्या प्रशिक्षणात हा भाग नव्हता. एकाने हात धरला, दुसऱ्याने दार धरलं, तिसऱ्याने मालकांना फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या रे पोरांनो. मला इथंच च्या आणा."

शेवटी तेजस्विनीला युक्ती सुचली. तिने बटण दाबून छत उघडलं. सरळ उभं राहायला सासूबाईंची काहीच हरकत नव्हती. त्या डॅशबोर्डला धरून उभ्या राहिल्या आणि कंबरेपासून वर छताबाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात चहाचा कप. शोरूमची भिंत काचेची. बाहेर महापालिकेच्या निवडणुकीची हवा. रस्त्याने जाणाऱ्या दोघातिघांनी सवयीने हात जोडले. एक गृहस्थ तर आत येऊन विचारू लागले, "मावशी कोणत्या प्रभागातून?"

"तुमच्याकडे पाणी रोज येतं का?" सासूबाईंनी वरून विचारलं.

"एक दिवसाआड."

"मग गप्प का बसले?"

दहा मिनिटं त्यांची चर्चा झाली. गृहस्थ चार मतांचं आश्वासन देऊन गेले. त्यानंतर सासूबाई बैलगाडीतून उतरतात तशा पाठमोऱ्या होऊन, पाट पायाखाली घेऊन, कोणाच्याही मदतीशिवाय खाली आल्या. मग इतका वेळ का थांबलात, असं विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

लाल गाडीचा निकाल खरं म्हणजे तिथेच लागला होता, पण मोहिनी न्यायी आहे. तिने गोणीलाही संधी दिली. डिकी लहान निघाली. आम्ही गोणी रेटली, आणखी रेटली, आणि तिची शिवण गेली. शोरूमच्या आरशासारख्या फरशीवर पन्नास किलो कांदे चारी दिशांना निघाले. त्यांचं स्वातंत्र्य पाहून मला हेवा वाटला. तेजस्विनी ते गोळा करता करता प्रत्येक कांदा पुसून परातीत ठेवत होती. ही मुलगी पुढे जाईल.

संध्याकाळी स्नेहलचा तक्ता भरून आला. लाल गाडीला मौजेत दहापैकी दहा. मला जरा बरं वाटलं. उपयोगात बारा. एकूण बावीस. पहिला नंबर एका उंच, चौकोनी, पांढऱ्या गाडीचा आला; फ्रीजला चाकं लावली की जे होतं ते. सासूबाई तिच्यात चालत गेल्या आणि चालत बाहेर आल्या. पुन्हा शिवलेली गोणी उभी राहिली. पेटीही सपाट बसली, कारण दुपारी ललितराव पेटी आणि टेप घेऊन तिथे पोचले होते.

"निदान तीच लाल रंगात?" दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये मी तेजस्विनीला हळूच विचारलं.

"लालला साडेचार महिने थांबावं लागेल, सर. पांढरी दसऱ्याला मिळेल."

दसरा म्हटल्यावर मोहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पितृपक्ष लागायच्या आत पांढरी नोंदवून आम्ही मोकळे झालो. म्हणजे बाकीचे मोकळे झाले.

आता वॅगन. तिचं गिऱ्हाईक सहा वर्षांपासून ठरलेलं होतं. हरसूलकडचा हिरामण दरवर्षी आमच्या सोसायटीत नवा तांदूळ आणि नागली, म्हणजे नाचणी, घेऊन येतो. एकदा त्याने वॅगनची मागची जागा पाहिली, आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि मोहिनीला म्हणाला होता, "ताई, इकाल तवा मला." मोहिनीने शब्द दिला होता. आमच्या घरात मोहिनीचा शब्द म्हणजे नोंदणीकृत दस्तऐवज.

विकण्यापूर्वी कागद नीट करावेत म्हणून मी एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. मला तिथे परत जायचं आहे. खिडकीतले गृहस्थ सज्जन होते.

"गाडीचा रंग?"

"पुस्तकात राखाडी आहे."

"पुस्तकाचा नाही विचारला. गाडीचा."

मी खरं सांगितलं. मूळची राखाडी. डावं दार पांढरं, कारण जुनं दार एका म्हशीने घेतलं. बॉनेट निळं, ते भंगारातून मिळालं. मागचं झाकण हिरवं. ते कुठून आलं ते मेव्हण्याला माहीत.

गृहस्थांनी अर्ज माझ्याकडे फिरवला. "रकाना एकच आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं.

"मग काय लिहू?"

"जो जास्त असेल तो लिहा. पण मोजून लिहा."

ललितरावांनी चौतीस वर्षं लोकांची शेतं मोजली होती आणि निवृत्तीनंतर त्यांना मोजायला काही उरलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी टेप, दोरी आणि दोन पंच बरोबर घेऊन वॅगनची मोजणी केली. रीतसर नकाशा काढला. चतुःसीमा घातल्या: पूर्वेस मंगलाबाईंची स्कूटर, पश्चिमेस कचराकुंडी, उत्तरेस नळ, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. राखाडी एकतीस टक्के, पांढरा एकोणीस, निळा सतरा, हिरवा बारा आणि गंज एकवीस. गंज हा रंग धरायचा की रंगाचा अभाव, यावर सोसायटीची तातडीची बैठक झाली. बैठकीला गणसंख्या पूर्ण होती. लिफ्टच्या दुरुस्तीच्या बैठकीला कधी झालेली नाही.

नकाशा घेऊन मी पुन्हा खिडकीपाशी गेलो. गृहस्थांनी तो बराच वेळ पाहिला. "काम चांगलं केलंय," ते म्हणाले. "पण एकतीस म्हणजे बहुमत नाही. साहेब, असं करा, एका रंगाची करूनच आणा. आपण रंग बदलल्याचा अर्ज घेऊ. सगळ्यांनाच शांत झोप लागेल."

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत सोमनाथचं गॅरेज आहे. दुरुस्तीही करतो, रंगही देतो. तो म्हणाला, "राखाडीची ती छटा आता येत नाही, काका. दुसरा मागवला तर आठ दिवस. माझ्याकडे लाल उरलाय. पितृपक्षात लग्नं नसतात ना, तर बँडवाले त्यांच्या गाड्या रंगवायला टाकतात. त्यातलाच आहे. एक नंबर लाल."

'लाल' हा शब्द मी मनात दोनदा म्हणून पाहिला. पण मी वरकरणी म्हटलं, "विकायचीच आहे. लाव कुठलाही."

चौथ्या दिवशी आणायला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच थबकलो. अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंच्या मेथीच्या जुड्यांच्या मधोमध, ती उभी होती. लाल. साधी लाल नाही, वरातीची लाल. आणि सोमनाथच्या हाताला बँडच्या गाड्यांची सवय असल्यामुळे त्याने कडेने सोनेरी पट्टाही ओढला होता.

मी आत बसलो. चाकावर हात ठेवले. आणि मला हसू आलं.

एकोणीस वर्षं ही बाई माझ्या घरात होती आणि मी दुसरीकडे शोधत होतो! घरी येऊन मी मोहिनीला सांगितलं, "आपण हीच ठेवू."

"पांढरी नोंदवलीय. पार्किंगची जागा एक आहे. आणि हिरामणला शब्द दिलाय." मोहिनीची तीन बोटं वर आली आणि विषय संपला. लाल नको म्हणणाऱ्या मंगलाबाईसुद्धा त्या दिवशी खाली येऊन वॅगनभोवती दोनदा फिरल्या. म्हणाल्या, "पिठाचं काय, पुसता येतं."

नवरात्राच्या पाचव्या माळेला हिरामण आणि त्याची बायको तानुबाई एसटीने आले. मोहिनी नुकतीच कालिकेच्या यात्रेतून देवीची ओटी भरून परतली होती. पिशवीत एक नारळ आणि एक खण जास्तीचा होता. खाली लाल शालू नेसल्यासारखी, सोनेरी काठाची वॅगन उभी होती. ललितरावांनी तिला झेंडूचा हार घातला होता. मोहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "लेक चालली घरातून. रिकामी कशी धाडणार?"

ओटी भरायची ठरली. बॉनेटवर तांदूळ ठेवले ते राहिले, नारळ राहीना. तीनदा घरंगळला. शेवटी तो पुढच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावला. नंबरप्लेटला हळदकुंकू वाहिलं. सोसायटीतल्या बायका ओळीने उभ्या राहिल्या. सासूबाईंनी तानुबाईचा हात हातात घेतला.

"पोर भोळी शे. चढावर दम लागतो तिला, बोलू नका. सकाळी जरा उशिरा उठते. दिवाळीला मूळ धाडू, न्यायला माणूस येईल, त्याच्यासंगं घेऊन या."

"धाडा आज्जी," हिरामण म्हणाला. "आमी वाट बघू."

यावर फक्त मी हसलो. मला वाटलं गंमत चालली आहे. आपल्याकडे गंमत कुठे संपते आणि रीत कुठे सुरू होते, हे पस्तीस वर्षं गमती लिहूनही मला समजलेलं नाही. त्या घटकेपर्यंत हिरामण मला साहेब म्हणायचा. गाडीत बसल्यावर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "येतो, व्याही."

वॅगन गेली. मी तिच्या सोनेरी पट्ट्याकडे वळणापर्यंत पाहत राहिलो.

दसऱ्याला पांढरी आली. तेजस्विनीने पुठ्ठ्याची मोठी किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढला. चाकाखाली लिंबू ठेवून मी ते चिरडलं, तेव्हा गाडी पहिल्यांदा ओरडली. मग ओरडतच राहिली. बेल्ट लावला नाही की ओरडते. दार नीट लागलं नाही की ओरडते. मागे कोणी उभं असलं तर ओरडते, आणि आमच्या सोसायटीत मागे नेहमी कोणीतरी उभं असतंच. एकदा मी सहज गुणगुणायला लागलो तर तिला वाटलं मी तिच्याशी बोलतोय. ती नम्रपणे म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." माझं गाणं न समजणाऱ्या दोघी घरात होत्या, आता तिघी झाल्या.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. पहिल्याच दिवशी मोहिनीने हुकूम काढला: सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. डाग पडतील. कांद्याला बंदी, वास राहतो. पापडांना बंदी, पीठ सांडतं. ललितरावांच्या पेटीला बंदी, कोपरे लागतात. किल्ली खिळ्यावरून काढून कपाटात गेली, साड्यांच्या खाली. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं झालं तेव्हा आम्ही रिक्षा केली, कारण बाहेर चिखल होता. उपयोगात नव्वदपैकी एक्क्याऐंशी गुण मिळवलेली गाडी आच्छादन पांघरून उभी राहिली आणि सोसायटी तिच्याकडे सावत्र आईकडे बघावं तशी बघू लागली. देवळ्याचे कांदे एसटीने आले. मंगलाबाईंनी ऑर्डरी कमी केल्या. भजनी मंडळ नुसत्या टाळांवर आलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी आठ वाजता खाली हॉर्न वाजला. तो हॉर्न मी झोपेतही ओळखला असता. शेवटाला त्याला उचकी लागते. गॅलरीत गेलो. खाली लाल वॅगन. तिच्यातून हिरामण उतरला, तानुबाई उतरली, आणि मग माणसं उतरतच राहिली. मी नवापर्यंत मोजली.

तानुबाई दारात आली. कपाळाला आठी होती. "मूळ आलं नाय," ती म्हणाली. "आमी वाट बघितली. पाडवा जवळ आला तरी कोन नाय. मंग ह्यास्नी म्हटलं, शेहरातली मानसं, इसरली आसतील. पोरीचा पयला सण, ती खट्टू व्हईल. आमीच आनली."

मी ओशाळलो. हे सगळं एका मोटारीबद्दल चाललंय हे मला कळत होतं, तरी ओशाळलो. तोवर मोहिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या अंगावरून खाली धावली होती. तिने वॅगनवरून तुकडा ओवाळून टाकला, पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं. चोवीस बिऱ्हाडं खाली आली. मंगलाबाईंनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "उतरली गं पोर."

"चिखलाचा रस्ता हाय," हिरामण म्हणाला. "पन खाऊनपिऊन सुखी हाय."

माहेरवाशिणीला जागा पाहिजे. पांढरी तिच्या आच्छादनासकट बाहेर रस्त्यावर गेली. जाताना ओरडली, पण कोणी लक्ष दिलं नाही.

"किती दिवस?" मी हिरामणला बाजूला घेऊन विचारलं.

"लेक भाऊबीजेपर्यंत ऱ्हाते माहेरी."

"आणि तुम्ही मंडळी?"

"तिला टाकून कशी जातील सासरची मानसं?" त्याचा चेहरा अगदी सरळ होता. तो चेहरा मी आजही वाचू शकलेलो नाही.

खरं सांगायचं तर ते दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तक्रारही नव्हती. तानुबाईने नव्या तांदळाचा भात आणि नागलीचे पापड यांच्या जोरावर स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वॅगनने सोसायटीची तुंबलेली कामं उरकली: पापड गेले, गाद्या गेल्या, पेटी सपाट गेली आणि सपाट आली. किल्ली पुन्हा खिळ्यावर.

आणि पाडव्याच्या सकाळी हिरामण किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "व्याही, पोरीला जरा फिरवून आना. मी बी येतो."

आम्ही सोमेश्वरावरून गंगापूर धरणाच्या रस्त्याने गेलो. खिडक्या उघड्या. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, त्यावर ऊन. लाल बॉनेटवर ते ऊन असं पडलं होतं की समोरून येणारे दुचाकीवाले वरात समजून कडेला होत होते. मला हसू आलं. गुणगुणलो. ती काही बोलली नाही. हिरामणनेही विचारलं नाही की का हसताय. तो आपला खिडकीत कोपर टेकून स्वतःशीच हसत होता. सदुसष्ट वर्षांत माझ्या पसंतीची गाडी मी चालवली ती त्या दिवशी, बावीस मिनिटं.

तेविसाव्या मिनिटाला, परतीच्या चढावर, ती घरघरली आणि थांबली.

"क्लच," हिरामण शांतपणे म्हणाला. "पंधरा दिसांपासून कुरकुरतीय."

"मग तिकडेच दाखवायचा नाही का?"

"पयलं दुखनं माहेरचं आसतं, व्याही. रीत हाय."

घरी पोचल्यावर, म्हणजे ओढून आणल्यावर, मी हा मुद्दा मोठ्या अपेक्षेने सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी डोळे मिटून विचार केला. "रीत शे," त्या म्हणाल्या. ललितरावांनी दुजोरा दिला. त्यांच्या थोरल्या लेकीचं अपेंडिक्स त्यांनीच केलं होतं. मोहिनी म्हणाली, "अहो, पाच दिवस माहेरी आलीय, आजारी पाठवायची का?" भाऊबीजेच्या दिवशी मी पंचवटीत सोमनाथच्या गॅरेजात स्टुलावर बसून होतो, बाळंतिणीचा बाप बाहेर बसतो तसा. सोमनाथ हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "काळजीचं कारण नाही, काका. पण थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी पाठवणी. पुन्हा ओटी. या वेळी नारळाला पहिल्याच झटक्यात बेल्ट लावला. अनुभव आला होता. नऊ माणसं आत बसली, त्यांच्या मागे फराळाचे डबे, त्यांच्या मागे सोसायटीने दिलेल्या दोन गाद्या, आणि तरी जागा उरली. मंगलाबाई पदराने डोळे पुसत होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी घरच्या वडीलधाऱ्याने दोन शब्द बोलायचे असतात.

मी पायरीवर चढलो. घसा साफ केला.

"मंडळी," मी म्हणालो, "एकदा भर द्वारका चौकात मी असं म्हणालो होतो, की मोटार म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य. आज मी ते शब्द मागे घेतो. मला वाटायचं, आपल्या पसंतीची वस्तू आपल्या दारात उभी असली म्हणजे ती आपली. तसं नसतं. काही गोष्टी दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपल्या होतात. त्या सणाला येतात, हसवतात आणि जातात. आणि जाताना त्यांच्याकडे बघत उभं राहणं, हाच..."

इथे माझा आवाज फुटला. सासूबाईंनी नाक ओढलं. ललितरावांनी चष्मा काढला. मोहिनीने, लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा चारचौघांत माझा हात धरला.

त्या शांततेत हिरामणने किल्ली फिरवली. वॅगन खर्रर्र म्हणाली, मग नुसतं कट् म्हणाली, मग काहीच म्हणाली नाही.

हिरामणने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"क्लच झ्याक हाय," तो म्हणाला. "ष्टार्टरचं संक्रांतीला बघू. व्याही, बोलून झालं आसल तर मागून तेवढा धक्का मारता का?"